नीलगिरीच्या माहेरी

तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. ऑस्ट्रेलिया खंड मी दरवर्षी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आटोपत असे. मेंढ्या, गहू, सोने, वाळवंट आणि पूर्व किनाऱ्याच्या कडेने खडूने ओढलेली एक जाड रेघ : ग्रेट डिव्हायडिंग रेंज. "परीक्षेला हमखास येते, लिहून घ्या," असे मी सांगे आणि मुले लिहून घेत. त्या रेघेला वास असतो, ही गोष्ट मात्र मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळली. आणि वास तरी कसला? सर्दी झाली की रुमालाला लावतात त्या नीलगिरीच्या तेलाचा!

त्याचे असे झाले. आमची मुलगी सिडनीला असते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही उभयता चार महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो. पहिला महिना नातवाचे कौतुक करण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात नातू पाळणाघरात, मुलगी एका कचेरीत, जावई दुसऱ्या कचेरीत आणि सौ. स्वयंपाकघरात अशी वाटणी झाली. मी तेवढा शिल्लक राहिलो. शिल्लक राहिलेला सेवानिवृत्त मास्तर घरात किती जड होतो, हे ज्यांच्या घरी असा एखादा आहे त्यांना सांगायला नको.

"बाबा, तुम्ही पूर्वी गड चढायचात ना?" मुलगी एके रात्री म्हणाली. "इथे रानात चालणाऱ्यांचे क्लब असतात. सभासद होण्याआधी दोन-तीनदा पाहुणे म्हणून जाता येतं. तुमचं नाव देते."

"चालायला क्लब?" सौ. म्हणाली, "आणि वर्गणी भरून?"

पूर्वी मी गड चढत असे, हे खरे. सिंहगड, राजगड, तोरणा. 'सह्याद्री' हा शब्द उच्चारताना माझा आवाज अजून अंमळ जड होतो. पण गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून माझे गिर्यारोहण आमच्या तिसऱ्या मजल्यापुरते उरले होते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

क्लबाचे पत्रक आले. पुढल्या तीन महिन्यांच्या सहली, प्रत्येकीपुढे अंतर, चढ आणि 'सोपी', 'मध्यम', 'अवघड' असा शेरा. मी अर्थातच 'सोपी' निवडली. ती निघाली ब्लू माउंटन्समधली. म्हणजे निळे डोंगर, म्हणजेच नीलगिरी! मला गंमत वाटली. युकॅलिप्टसला आपण नीलगिरी म्हणतो ते दक्षिणेतल्या नीलगिरी पर्वतावरून, कारण इंग्रजांनी हे झाड एकोणिसाव्या शतकात तिथे आणून लावले. आणि ज्या देशातून ते आणले, तिथेही ते एका निळ्या डोंगरावरच उभे आहे. त्याच्या पानांतले तेल हवेत मिसळते आणि त्यामुळे डोंगर निळे दिसतात, असे तिथले लोक सांगतात.

सहलीच्या आदल्या रात्री गावाहून नानाचा फोन आला. नाना माझा धाकटा भाऊ. रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे घर आणि बागायत तोच सांभाळतो. घराच्या वर, डोंगराच्या कुशीत, आमची दोन एकर राई आहे. ऐन, किंजळ, हेद, कुंभा आणि मधोमध एक जुना बेहडा. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावे.

"दादा, गिऱ्हाईक बावीस लाखांवर आलं आहे," नाना म्हणाला. "पाऊस सरला की झाडं तोडून काजू लावायचा म्हणतो. घराचं छप्पर यंदा कसंतरी निभेल. मुलीची कॉलेजची फी आहेच. तू आलास की सह्या करू. तुझी हरकत नाही ना?"

"माझी कसली हरकत?" मी म्हणालो. अकरा लाख माझ्या वाट्याला येणार होते. आमच्या मुदत ठेवीत ते घातले, की लिफ्टवाल्या इमारतीतला लहानसा ब्लॉक दृष्टिपथात येत होता. सौ.चे गुडघेही माझ्याच वयाचे आहेत. होकार देऊन मी शांत झोपलो, हे इथे कबूल केले पाहिजे.

सकाळी आम्ही बाराजण तीन मोटारींतून दोन तासांवरच्या ब्लॅकहीथ गावी पोहोचलो. जून महिना, म्हणजे तिथला ऐन हिवाळा. आमच्या म्होरक्या एक बाई होत्या, वय वर्षे चौऱ्याहत्तर. पाठीवर पिशवी, पायांत माझ्या नातवाच्या वजनाचे बूट. मी त्यांना 'मॅडम' म्हणताच त्यांनी आपले नुसते नाव घ्यायला सांगितले. ते काही माझ्या जिभेवर येईना. मनातल्या मनात मी त्यांना आजीबाईच म्हणत राहिलो.

वाटेला लागण्यापूर्वी दोन गोष्टी झाल्या. आधी त्या डोंगरांचे मूळ धनी जे धारुग आणि गुंदुंगुरा लोक, त्यांचे स्मरण झाले. मग सर्वांनी बुटांचे तळवे ब्रशने घासून त्यांवर स्पिरिट फवारले. मला वाटले, ही आपल्याकडच्यासारखी देवळात शिरण्यापूर्वी पाय धुण्याची रीत असावी. भाव तोच, कारण निराळे. चिखलातून एका रानातली मुळे कुजवणारी कीड दुसऱ्या रानात जाते आणि उभी झाडे वाळतात. ती कीड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येकाने आपला चिखल घरीच ठेवून यायचा. मी माझे पुण्याचे बूट निमूटपणे पुढे केले.

'बुश' म्हणजे झुडूप, असे मी वर्गात शिकवले होते. तिथे बुश म्हणजे अख्खे रान. गोव्हेट्स लीप नावाच्या कड्यापासून इव्हान्स लुकआउटपर्यंत आमची वाट कड्याच्या माथ्यामाथ्याने जात होती. डावीकडे पिवळ्या-तांबड्या खडकाच्या सरळ तुटलेल्या भिंती आणि खाली ग्रोस नदीचे खोरे, जिकडे पाहावे तिकडे नीलगिरीच नीलगिरी. आपल्याकडे या झाडाचे नाव चांगले नाही. सामाजिक वनीकरणाच्या काळात ते ओळीने लावले गेले आणि 'जमिनीतले पाणी पिणारे' म्हणून बदनाम झाले. आमच्या टेकड्यांवर ते मला नेहमी सासरी मन न रमलेल्या सुनेसारखे वाटे. इथे ते माहेरी होते. एकेका खोडाची साल सोलून खालचा पांढरा, गुलाबी, करडा रंग दिसत होता. वर पोपटांचा कलकलाट चालला होता. आजीबाईंनी एका म्हाताऱ्या झाडाची ढोली दाखवली. अशी ढोली तयार व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतात, आणि पोपट, घुबडे, उडणारी पॉसमे यांना घर हवे तर ढोलीच हवी. "नवी झाडं लावता येतात," त्या म्हणाल्या, "शंभर वर्षांची ढोली लावता येत नाही."

मला उगीचच आमचा बेहडा आठवला. त्यालाही अशीच ढोली आहे. लहानपणी आम्ही तिच्यात धनेशाची मादी कोंडून बसलेली पाहिली होती.

चहाच्या वेळी माझी फजिती झाली. मी पिशवीतले संत्रे सोलले आणि साले सवयीने झुडपामागे टाकली. संत्र्याची सालच ती, कुजून जाईल! कोणी काही बोलले नाही. आजीबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, एकेक साल वेचली आणि आपल्या पिशवीत टाकली. मला ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. तीस वर्षे मी मुलांना वर्गातला कागदाचा बोळा उचलायला लावला होता; माझा बोळा उचलण्याची पाळी चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईवर आली.

दुपारी मोटारींनी आम्ही पेरीज लुकडाउन या टोकावर गेलो. तिथून खोऱ्यात उतरणारी वाट सुमारे सहाशे मीटर खाली जाते. ती 'अवघड' वर्गातली, म्हणून आमचा मुक्काम माथ्यावरच होता. खाली, जिथे ग्रोस नदीला गोव्हेट्स क्रीक मिळते, तिथे उंच झाडांचा एक दाट पुंजका आजीबाईंनी बोटाने दाखवला. "ब्लू गम फॉरेस्ट," त्या म्हणाल्या. "आमच्या चळवळीचा पाळणा तो." आणि भाकरीचा तुकडा मोडावा तसा ब्रेडचा तुकडा मोडत त्यांनी त्याची कथा सांगितली.

१९३१ सालचा ईस्टर. सिडनीच्या पदयात्रींची एक टोळी ॲलन रिग्बी यांच्या पुढारपणाखाली त्या झाडांत उतरली. तिथे क्लॅरी हंगरफोर्ड नावाचा शेतकरी भेटला. ती ४० एकर जमीन त्याने सरकारकडून पट्ट्याने घेतली होती आणि नीलगिरी तोडून तो अक्रोड लावणार होता.

"मग यांनी काय केलं?" मी विचारले. "मोर्चा काढला?"

"नाही. त्याला किंमत विचारली."

सौदा १३० पौंडांवर ठरला. जगभर मंदी होती. नोकऱ्या जात होत्या. पॅडी पॅलिन हा त्यांच्यातलाच एक. १९३० साली त्याची नोकरी गेली, तेव्हा तो घरीच हलक्या पिशव्या आणि तंबू शिवून विकू लागला होता. अशा लोकांनी १३० पौंड जमवायचे! नोव्हेंबरात भर पावसात, त्या झाडांखालीच क्लबांच्या मंडळींची आणि हंगरफोर्डची बैठक झाली. पै पै गोळा झाली, मोठा भाग एका सभासदाने बिनव्याजी उसना दिला. हंगरफोर्डने पट्टा सोडला आणि सप्टेंबर १९३२ मध्ये सरकारने ते रान राखीव केले. ज्यांनी पैसे दिले त्यांना त्यातले एक पानही मिळाले नाही. ते कोणाच्याच मालकीचे होऊ नये, यासाठीच त्यांनी ते विकत घेतले होते.

वाचकहो, मी कड्याच्या कठड्याला धरून खाली पाहत होतो. तिथे अक्रोड, इथे काजू; तिथे ४० एकर, इथे दोन. हंगरफोर्ड दुष्ट नव्हता. चार पैसे मिळावेत म्हणून झाडे तोडू पाहणारा कष्टाळू माणूस होता, आमच्या नानासारखा. आणि मी कोण होतो? नानाला 'माझी कसली हरकत' म्हणणारा! जन्मभर मी डोंगरांवर प्रेम केले, पण त्यांच्यासाठी माझ्या खिशातून एक रुपयाही कधी गेला नव्हता.

परतीच्या वाटेवर आजीबाई बोलत होत्या. मायल्स डन्फी हे या चळवळीचे आद्य पुरुष. त्यांनी १९१४ साली माउंटन ट्रेल्स क्लब काढला, पण तो पुरुषांचा. मग १९२७ मध्ये सिडनी बुश वॉकर्स निघाला, त्यात स्त्रियांना मुभा. डन्फींनी आपल्या तान्ह्या मुलाला बाबागाडीत घालून रानात नेले होते, आणि त्या गाडीला 'कनांग्रा एक्सप्रेस' असे नाव पडले होते! या डोंगरांचे मोठे राष्ट्रीय उद्यान व्हावे म्हणून ते योजना आखीत आणि नकाशे काढीत राहिले. उद्यान झाले ते १९५९ साली, आणि जागतिक वारशाचा मान २००० साली मिळाला. मेरी बाइल्स या तिथल्या पहिल्या स्त्री वकिलांपैकी. त्यांनी बूडीचा समुद्रकाठ राखण्यासाठी लढा दिला. पुढे बुद्धाच्या पाऊलखुणा शोधत त्या आपल्या भारतातही फिरल्या आणि बुद्धावर त्यांनी पुस्तक लिहिले.

"आता तुम्हांला काळजी उरली नसेल," मी म्हणालो.

आजीबाई हसल्या. २०१९-२० च्या वणव्यात या वारसाक्षेत्राचा सुमारे चार-पंचमांश भाग होरपळला. ब्लू गमच्या खोऱ्यातही आग शिरली. काळ्या खोडांतून पुन्हा हिरवे कोंब फुटले, पण वणवे असेच लागोपाठ येत राहिले तर किती वेळा फुटतील? १९९४ साली डेव्हिड नोबल या पदयात्रीला एका घळीत वोलेमाय पाइन सापडला, ज्याचे भाईबंद तोवर जीवाश्मांतूनच ठाऊक होते. रानातली मोठी झाडे शंभराच्या आत. त्या वणव्यात अग्निशामकांनी विमाने, हेलिकॉप्टरे लावून ती वाचवली. ती घळ कुठे आहे, हे गुप्त ठेवले आहे. "नवी वाट दिसली की चालत सुटणारे आम्ही," त्या म्हणाल्या, "पण तिथे जायचं नाही. न जाणं हेही आमचंच काम."

त्यानंतर क्लबाच्या श्रमदानाला मी चार वेळा गेलो. सिडनीच्या एका उपनगरातल्या ओढ्याकाठी काम होते. हातमोजे मिळाले, करवत मिळाली आणि समोरचे झुडूप पाहून मी आनंदाने ओरडलोच, "घाणेरी!" तीच खरखरीत पाने, तीच पिवळी-गुलाबी फुले, तोच वास. अमेरिकेतून शोभेसाठी आलेली ही बया आपल्या टेकड्या खाऊन आता इथलेही रान खात होती. माझी तिच्याशी जुनी ओळख निघाल्यामुळे क्लबात माझा भाव वधारला. कामाची पद्धत मात्र नवी होती. सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनी १९६० च्या दशकात ती घालून दिली. जिथे तण माजले आहे तिथून आरंभ करायचा नाही. जिथे रान धडधाकट आहे तिथून सुरुवात करून हळूहळू बाहेर सरकायचे. रानाला जेवढे भरून येते तेवढेच तण काढायचे. सगळे एकदम ओरबाडले, तर उघड्या मातीत तणच पुन्हा उगवते आणि त्यात लपणाऱ्या चिमण्या पाखरांचा आसराही जातो.

चौथ्या रविवारी जळवांनी रक्तबंबाळ झालेले पाय घेऊन मी घरी आलो आणि सौ.ला सगळे सांगितले : अक्रोड, १३० पौंड, बेहडा. शेवटी म्हणालो, "नानाचा वाटा आपण विकत घ्यावा म्हणतो. ठेवीतून."

सौ. काही बोलली नाही. त्या ठेवीवर दोघांची नावे आहेत. लिफ्टचे स्वप्न तर माझ्यापेक्षा तिचेच अधिक होते. बाजारची पिशवी घेऊन तिसरा मजला तीच चढते. दोन दिवस घरात भांड्यांखेरीज कोणाचा आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्यांदा त्या राईतच नेलं होतं. कुंभ्याची फुलं दाखवायला. ... घ्या. पण पिशव्या यापुढे तुम्ही वर आणायच्या."

नानाला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, राई मला नकोय असं तुला वाटलं होतं का? छप्पर गळतंय म्हणून विकत होतो." त्याचा आवाज फिरला होता. माझाही धड नव्हता. पाच लाख लगेच आणि सहा लाख तीन वर्षांत, असे ठरले. व्याजाचे विचारले तर संतापला.

यंदा शिमग्याला आम्ही गावी गेलो. नव्या कौलांखाली झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन राईत शिरलो. कडेने रानमोडी कमरेएवढी माजली आहे. तीही अमेरिकेचीच पाहुणी. मी नानाला ब्रॅडली भगिनींची रीत समजावून सांगितली आणि आम्ही मधल्या ऐनाखालून, धडधाकट रानाकडून आरंभ केला. दोन दिवसांत दोन म्हाताऱ्यांनी साफ केलेली जागा आमच्या दिवाणखान्याएवढी भरेल. दोन एकरांना किती वर्षे लागतील, याचे गणित मी केले नाही. मी भूगोलाचा मास्तर.

बेहड्याकडे मात्र आम्ही फिरकलो नाही. नाना म्हणाला, ढोलीत मादी बसली आहे. लांबून, कुंभ्याच्या आडून पाहिले. पंखांचा घरघराट करीत नर आला, ढोलीच्या चिरेतून आत काहीतरी दिले आणि उडून गेला. सौ.ने माझा हात धरला होता. आम्ही आल्या वाटेने मागे फिरलो.

दगडावर बसून तिने पिशवीतले संत्रे काढले. मी सोलले आणि साले सदऱ्याच्या खिशात घातली.

"अरे दादा, टाक की तिथेच," नाना म्हणाला. "कुजून खत होईल."

"असू दे," मी म्हणालो. "नेतो बरोबर."